डे-नाइट बायफोकल: ग्वाल्हेरच्या उन्हात किती पैसे, किती उपयोग

महाराज बाड्यावरच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन ‘दूर-पास का, और धूप में काला होने वाला’ एवढं म्हटलं की दुकानदार पुढचं काही विचारत नाही. काउंटरखालून तीन पाकिटं काढतो. एक हजाराच्या आसपासचं, एक दीड-दोन हजारांचं, एक पाच हजारांच्या वरचं. तिन्ही काचा पांढऱ्याच दिसतात, तिन्हींत खाली वाचायचा भाग असतो आणि तिन्ही उन्हात धरल्या की काळ्या होतात. मग किमतीत पाचपट फरक कशाचा, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘साहब, क्वालिटी का.’ हे उत्तर खोटं नाही, पण त्याच्या भरवशावर पाच हजार मोजू नयेत.

नवं काय आलंय ते आधी सांगतो. उन्हात काळी होणारी, म्हणजे डे-नाइट, काच जुनीच आहे. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ती १९६० च्या दशकात आणली. खऱ्या काचेत चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण असत. आपल्याकडच्या जुन्या दुकानदारांच्या तोंडी असलेलं ‘फोटोग्रे’ किंवा ‘पीजीएक्स’ ते हेच. प्लास्टिकमध्ये हा गुण नीट यायला १९९० उजाडलं. त्यातही आधी एका नंबरच्या लेन्स आल्या, मग रेघ न दिसणाऱ्या प्रोग्रेसिव्ह, आणि बायफोकल दर वेळी मागून. त्याला कारण आहे. बायफोकलच्या दर्शनी बाजूला वाचायच्या भागाची उंच कड असते. त्या कडेवर प्रकाशाने रंग बदलणाऱ्या रसायनाचा थर एकसारखा बसवणं कठीण जातं. शिवाय मोठ्या कंपन्यांना पैसा प्रोग्रेसिव्हमध्ये मिळतो. त्यामुळे नव्या पिढीची, लवकर काळी आणि लवकर पांढरी होणारी बायफोकल दुकानदाराच्या यादीत असते, पण कपाटात बहुधा नसते. ‘ऑर्डर से आएगी’ म्हणजे चार-आठ दिवस. तेवढी वाट पाहायची तयारी ठेवा. ‘आज संध्याकाळी देतो’ म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा कपाटात पडलेली जुन्या पिढीची असते.

आधी ऊन समजून घ्या

या काचा उजेडाने नाही, अतिनील किरणांनी काळ्या होतात. खरेदीचे अर्धे निर्णय या एका वाक्यावर ठरतात.

गाडीच्या पुढच्या काचेतून अतिनील किरण फारसे आत येत नाहीत. म्हणून आग्रा रोडवर भर दुपारी गाडी चालवताना डोळे दिपतात आणि चष्मा मात्र पांढराच्या पांढरा राहतो. हेल्मेटचं तेच. पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक व्हायजर हे किरण अडवतो. व्हायजर खाली ओढून स्कूटरवर मुरारहून लष्करला येणाऱ्याचा डे-नाइट चष्मा वाटेत फार तर किंचित सावळा होतो. गाडीतही काळ्या होणाऱ्या वेगळ्या लेन्स काही कंपन्यांच्या आहेत. पण त्या घरातही थोड्या सावळ्याच राहतात, महाग असतात, आणि बायफोकलमध्ये मिळतील याचा भरवसा नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. ग्वाल्हेरवाल्याने ती कान देऊन ऐकावी. ही रसायनं थंडीत जास्त काळी होतात आणि उकाड्यात कमी. काळं होणं आणि पुन्हा पांढरं होणं या दोन्ही क्रिया सतत एकत्र चालू असतात, आणि उष्णतेने पांढरं होण्याचा वेग वाढतो. म्हणजे जानेवारीच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर बसलात तर चष्मा काळाकुट्ट होतो आणि आत आल्यावर पांढरा व्हायला वेळ घेतो. आणि मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना, लू अंगावर घेत तुम्ही बाड्यावरून सराफ्यात जाता तेव्हा तोच चष्मा निम्म्याने काळा झाल्यासारखा वाटतो. दुकानदाराने फसवलं असं नाही. महागड्या लेन्समध्ये हा दोष कमी असतो, पण जात नाही. जो फोटो जाहिरातीत दिसतो तो बहुधा थंड देशातल्या उन्हाचा असतो, एवढं धरून चला.

तिसरं पायऱ्यांचं. किल्ल्यावर मानमंदिराच्या अंगणातून तळघराच्या अरुंद जिन्यात शिरून पाहा. बाहेर लखलखीत ऊन, आत अंधार, डोळ्यांवर अजून काळी काच, आणि खाली पाहिलं की बायफोकलचा वाचायचा भाग आडवा येऊन पायरी धूसर. चांगली लेन्स दोन-तीन मिनिटांत बरीच निवळते, साधी पाच-सात मिनिटं घेते. तोवर उभं राहावं किंवा चष्मा काढावा. लष्करातल्या जुन्या वाड्यांचे जिनेही असेच असतात. साठीच्या पुढच्या माणसाने डे-नाइट बायफोकल घेताना पैशाच्या आधी घरातल्या जिन्याचा विचार करावा. नव्या चष्म्याचे पहिले पंधरा दिवस कठडा धरून, मान खाली घालून वरच्या भागातून पायरी पाहत उतरायची सवय लावावी.

मग ही काच घ्यावी कोणी? ज्याचा दिवस पायी आत-बाहेर करण्यात जातो त्याने. दुकानाच्या ओट्यावर बसणारे, शाळेतले शिक्षक, घरोघर जाणारे विमा एजंट, सकाळी फिरून मंडईतून भाजी घेऊन येणारे आजी-आजोबा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना उजेड सोसत नाही त्यांनाही ती बरी वाटते. ज्याचं ऊन गाडीच्या काचेमागे किंवा व्हायजरमागे जातं त्याने ती घेऊ नये. त्याच्यासाठी वेगळी सोय पुढे सांगितली आहे.

भाव

खालचे आकडे दोन्ही डोळ्यांच्या काचांचे आहेत, फ्रेम सोडून, आणि नंबर मध्यम असेल तर. दुकानागणिक दोन-तीनशे इकडेतिकडे होतील. साखळी दुकानांत फ्रेमसकट ‘पॅकेज’ असतं, तिथे काचेचा भाव वेगळा काढून मागा.

साधी प्लास्टिकची केटी बायफोकल, म्हणजे खाली गोल वाटी असलेली, तीनशे ते सातशेत होते. डी बायफोकल, म्हणजे वाचायच्या भागाची वरची कड सरळ असलेली, सहाशे ते बाराशे. यात रंग बदलणं नाही.

रंग बदलणारी, म्हणजे फोटोक्रोमिक, घ्यायची तर पहिली पायरी बिननावाच्या १.५६ इंडेक्सच्या लेन्सची: आठशे ते अठराशे. केटी खालच्या टोकाला, डी वरच्या टोकाला. बाजारात सगळ्यात जास्त हीच खपते, आणि खरं सांगायचं तर फार वाईट नसते. हिच्यात रसायन बहुधा सगळ्या जाडीत मिसळलेलं असतं. म्हणून उणे नंबर मोठा असेल तर जाड कडा जास्त काळ्या आणि मधला भाग फिका दिसतो. अधिक नंबरला उलट. उणे किंवा अधिक तीनच्या आत असाल तर हे जाणवत नाही. त्याच्या पुढे असाल तर आरशात जाणवतं.

नामांकित कंपनीची फोटोक्रोमिक डी बायफोकल तीन हजारांपासून सात हजारांपर्यंत जाते. ट्रान्झिशन्स, झाईसची फोटोफ्यूजन, होयाची सेन्सिटी ही नावं दुकानात ऐकायला मिळतील. पण प्रत्येक नाव बायफोकलमध्ये, तुमच्या नंबरात आणि हव्या त्या रंगात मिळतंच असं नाही. जादा पैशात मिळतं ते असं: दोन्ही काचा एकसारख्या काळ्या होणं, लवकर निवळणं, उकाड्यात थोडं बरं वागणं, आणि अतिनील किरण अडवण्याची लेखी हमी.

खऱ्या काचेची फोटोग्रे केटी अजून मिळते, सहाशे ते बाराशेत. ओरखडे सहज पडत नाहीत म्हणून जुनी माणसं तीच मागतात. पण ती जड असते, नाकावर वळ उठतो, आणि पडली की तुकडे. नातवंडं अंगाखांद्यावर खेळत असतील तर नको.

फोटोक्रोमिक प्रोग्रेसिव्हचं दुकान अडीच हजारांपासून सुरू होऊन पंचवीस हजारांच्याही वर जातं. ‘बायफोकल अब कौन पहनता है’ म्हणून दुकानदार तिकडे ओढेल. रेघ दिसू नये एवढाच हेतू असेल तर स्वस्त प्रोग्रेसिव्हच्या वाटेला जाऊ नका. तिच्यात वाचायची जागा चिंचोळी असते आणि दोन्ही कडांना चित्र डुलतं. पंधरा वर्षं बायफोकल वापरलेल्या माणसाला ती सहसा मानवत नाही. संगणकावर दिवसभर काम असेल तर गोष्ट वेगळी. बायफोकलला मधलं अंतर नसतंच, तिथे प्रोग्रेसिव्हचे पैसे वाया जात नाहीत.

आता गाडीवाल्यांची सोय. साधी डी बायफोकल हजारभरात करा आणि तोच नंबर दुसऱ्या फ्रेममध्ये कायमच्या गडद रंगात करून घ्या. स्वस्त फ्रेमसकट बाराशे ते दोन हजार लागतात. म्हणजे एका नामांकित डे-नाइट जोडीपेक्षा कमी पैशांत दोन चष्मे, आणि दुसरा मे महिन्यातही पूर्ण काळा. फक्त तो संध्याकाळनंतर डोळ्यांवर नको. दूरच्या प्रवासाला एक चष्मा फुटला तर दुसरा हाताशी, हा वरचा फायदा. चष्म्यावर अडकवायची काळी क्लिप दोन-तीनशेत मिळते. दिसायला गबाळी, कामाला चोख. मेळ्यात आणि फुटपाथवर शंभर-दीडशेला जे काळे गॉगल मिळतात त्यांत अतिनील किरण अडतातच असं नाही. काळोखाने बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत शिरतात. तिथे पैसे वाचवू नका.

या भावांवर आणखी काय चढतं? प्रतिबिंब रोखणारा थर, ज्याला दुकानात एआरसी म्हणतात, दोनशे ते आठशे. रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास होत असेल तर जरूर घ्या. ‘ब्लू-कट’ मात्र नको. त्याने डोळ्यांचा शीण कमी होतो असा पुरावा २०२३ च्या कॉक्रेन समीक्षेत मिळाला नाही. डे-नाइटवर ब्लू-कट चढवून पाचशे जास्त लावणं ही सध्याची सर्रास पद्धत आहे. पातळ, म्हणजे १.६० किंवा त्याहून वरच्या इंडेक्सची लेन्स मोठ्या नंबराशिवाय नको. लहान नंबरात फरक दिसत नाही, आणि बायफोकलमध्ये ती मिळणंही अवघड.

कराचं एक लक्षात ठेवा. नंबरच्या चष्म्यावर, त्याच्या काचांवर आणि फ्रेमवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. आधी तो जास्त होता. ठरलेल्या भावावर ‘टॅक्स अलग’ म्हणून कोणी १२ किंवा १८ टक्के सांगितले तर बिलावर लिहून मागा. बहुधा आकडा लगेच खाली येतो.

माप चुकलं की सगळं चुकलं

पाच हजारांची काच चुकीच्या उंचीवर बसवली तर ती पाचशेच्या काचेपेक्षा वाईट. बायफोकलमध्ये वाचायच्या भागाची वरची कड साधारणपणे खालच्या पापणीच्या रेषेवर यावी लागते. जो फार चालतो किंवा जिने चढतो त्याला ती दोन मिलीमीटर खाली हवी. दिवसभर हिशेबाच्या वह्या पाहणाऱ्याला थोडी वर चालते. हे माप तुम्ही निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर बसवून, नाकाच्या गाद्या जुळवून, तुम्ही सरळ समोर पाहत असताना घ्यायचं असतं. चांगला माणूस समोर बसतो, फ्रेमच्या नमुना-काचेवर स्केचपेनने बारीक रेघ ओढतो, तुम्हाला उठून चार पावलं चालायला लावतो आणि पुन्हा पाहतो. जो फ्रेम हातात घेऊन नुसतंच ‘हो जाएगा’ म्हणतो, त्याच्याकडे महाग लेन्स सांगू नका. दोन बाहुल्यांमधलं अंतरही मोजून कागदावर लिहून घ्या. ते तुमचं आहे, पुढच्या चष्म्यालाही लागेल.

फ्रेमची काच उभ्यात तीस मिलीमीटर तरी असावी. सध्याच्या बुटक्या फ्रेममध्ये वाचायचा भाग कापला जाऊन नखाएवढा उरतो.

नंबर काढायला दुकानातलं यंत्र पुरेसं असतं का? तरुण माणसाला एक वेळ असेल. चाळिशीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. काचबिंदू, मोतीबिंदू, पडद्याची तपासणी दुकानात होत नाही. कंपूला गजरा राजा मेडिकल कॉलेजच्या जयारोग्य रुग्णालयात नाममात्र पैशांत तपासणी होते, फक्त सकाळी लवकर जाऊन रांग धरावी लागते. खासगीत दोन-पाचशे लागतात. साखर वरखाली होत असेल तर आधी ती स्थिरावू द्या, नंबर साखरेबरोबर हलतो. मोतीबिंदू पिकत आला असेल तर महाग काच करूच नका, शस्त्रक्रियेनंतर नंबर बदलणारच. शस्त्रक्रिया झाल्यावरही डॉक्टर सांगतील तेवढं, साधारण महिना-दीड महिना, थांबा.

दिल्लीला, बल्लीमारानच्या घाऊक बाजारात, हेच निम्म्यात मिळतं असं कोणीतरी सांगतंच. मिळतं. पण माप चुकलं किंवा एक काच कमी काळी झाली तर तीनशे किलोमीटर परत कोण जाणार? फ्रेम खुशाल तिकडून आणा. बायफोकलच्या काचा जिथे भांडायला पायी जाता येईल तिथेच कराव्यात.

घेताना, उन्हात उभं राहून

चष्मा तयार झाला की दुकानात आरशासमोर पैसे देऊ नका. सकाळी अकरा ते तीनच्या दरम्यान जा आणि बाहेर उन्हात या. एका काचेच्या अर्ध्या भागावर कागदाची पट्टी धरा, मिनिटभर थांबा, पट्टी काढा. झाकलेला भाग पांढरा आणि उघडा भाग काळा, मध्ये स्पष्ट रेघ दिसली पाहिजे. मग चष्मा पांढऱ्या कागदावर ठेवून दोन्ही काचा शेजारी शेजारी पाहा. एक करडी आणि एक तपकिरी, किंवा एक गडद आणि एक फिकी दिसली तर जोडी वेगवेगळ्या घाण्यातली आहे. परत करा. याच कारणाने पुढे कधी एक काच फुटली तर एकच बदलू नका. जुनी काच थकलेली असते, नवी तिच्याशी जुळत नाही. सावलीत येऊन घड्याळ लावा आणि निवळायला किती वेळ लागतो ते पाहा.

नामांकित काच असेल तर तिचं पाकीट आणि हमीचं कार्ड मागून घ्या. पाकिटावर तुमचा नंबर छापलेला असतो. झाईसच्या काचेवर तोंडाची वाफ सोडली की कोपऱ्यात बारीक ‘झेड’ उमटतो. अशा खुणा इतर कंपन्यांच्याही असतात, दुकानदाराला दाखवायला सांगा.

बिल पक्कं हवं. त्यावर लेन्सचं पूर्ण नाव, इंडेक्स, केटी की डी, रंग, कोणता थर आणि हमी किती महिन्यांची हे लिहून घ्या. ‘बायफोकल लेन्स, १ जोड, ४,५००’ एवढ्याच बिलावर तक्रार उभी राहत नाही.

ही काच किती टिकते, हे विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही. रंग बदलण्याचा गुण दोन-तीन वर्षांत मंदावतो. काळी कमी होते, आणि निवळल्यावरही पिवळट झाक राहते. म्हणून दीड हजारांची काच अडीच वर्षं चालली तर वर्षाला सहाशे पडतात. पाच हजारांची तीन वर्षं चालली तर सोळाशेच्या वर. चाळिशी ते पंचावन्न या वयात जवळचा नंबर तसाही दर दोन-तीन वर्षांनी वाढतो. महाग काच थकायच्या आधीच नंबर बदलतो. या वयात बिननावाची पण नीट मापाची डी बायफोकल घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. साठीनंतर नंबर स्थिरावतो, तेव्हा जादा पैसे टाकायला हरकत नाही.

सांभाळणं सोपं आहे, फक्त इथली धूळ वैरी आहे. कोरडा चष्मा धोतराच्या सोग्याने किंवा पदराने पुसला की धुळीचे कण काचेवर रेघा ओढतात. आधी नळाखाली धरा, मग पुसा. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वरच्या थराला तडे जातात.

दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तक्रार मराठीतही नोंदवता येते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. बिल आणि नंबरची चिठ्ठी मात्र जपून ठेवा.